काडी, नळी आणि रेघ

आगपेटीची एक काडी, सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात त्या काळ्या रबरी नळीचा लहानसा तुकडा, आणि पलीकडे दुसरी काडी. चित्रात एवढंच असतं. मागे टेबल नाही, खिडकी नाही, गालाला खळी पडलेला मुलगा नाही. कुठे हात आलाच तर बोटांपुरता येतो आणि मनगटापाशी रेघ थांबते. अरविंद गुप्तांचं 'मॅचस्टिक मॉडेल्स' हे छोटं पुस्तक अशा काळ्या-पांढऱ्या चित्रांवर उभं आहे. विज्ञानाचं पुस्तक म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं. चित्रांचं पुस्तक म्हणून ते फारसं कुणी वाचलं नाही, आणि मला ते तसंच वाचायचं आहे. आपल्याकडे मुलांसाठी निघालेल्या सचित्र विज्ञानपुस्तकांत इतक्या विचारानं ओढलेली रेघ फार थोड्या ठिकाणी सापडते.

ती रेघ कुठून आली, हे आधी सांगतो. गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली विद्युत अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले आणि पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये ट्रक बनवणाऱ्या त्या कारखान्यातून वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या शाळांतून १९७२ पासून एक कार्यक्रम चालू होता. मुलांनी विज्ञान पाठ करू नये, स्वतः प्रयोग करून शिकावं, असा त्याचा आग्रह. खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा नव्हतीच, तेव्हा बाजारात जे स्वस्त मिळेल त्यातूनच साहित्य उभं करायचं होतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशच लागतो. तिकडचा आठवडी बाजार आणि आमच्याकडचा यांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. काडी आणि नळी यांची जोडी त्या गरजेतून जमली, आणि पुस्तक पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेलं.

आता चित्राकडे. काडीला गुल नाही, कारण ब्लेडनं गुल खरवडून टाकणं हे पहिलं काम. म्हणजे चित्रातली काडी आता जाळायची वस्तू राहिलेली नाही, ती एक सरळ, ठरावीक लांबीचा रेषाखंड झाली आहे. भूमितीच्या पुस्तकात रेषाखंड कागदावर पडलेला असतो, त्याला उचलता येत नाही. इथं तो चिमटीत धरता येतो. नळीच्या एका तोंडातून एक काडी, दुसऱ्या तोंडातून दुसरी, आणि नळी मधे वाकते. वाकवत गेलं की लघुकोन, काटकोन, विशालकोन एकामागून एक हातात येतात. कोनमापक लागत नाही.

तीन काड्या आणि तीन तुकडे घेतले की त्रिकोण. चार घेतले की चौकोन. इथं पुस्तकाचा सगळ्यात सुंदर प्रसंग येतो. चौकोनाला एका बाजूनं हलकं दाबा, तो कलंडतो आणि समभुज राहूनही चौरस राहत नाही. पाच काड्यांची आकृती तर आणखी ढिली. त्रिकोण मात्र हलत नाही. कितीही दाबा, नळी चेपेल, काडी मोडेल, पण कोन बदलणार नाहीत, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाला दुसरा आकार घ्यायला जागाच उरत नाही. ही गोष्ट मुलाला कळते ती सांध्यामुळे. त्याच काड्या डिंकानं किंवा खिळ्यानं घट्ट जोडल्या असत्या तर चौकोनही ताठ उभा राहिला असता आणि काहीच शिकायला मिळालं नसतं. रबराचा सैलपणा हा या खेळाचा प्राण आहे. गुप्तांनी ती नळी स्वस्त म्हणून निवडली असेल, तरी तिच्यात एक सूक्ष्म शहाणपण आहे: सांधा हलू शकतो, म्हणून न हलणारा आकार ओळखू येतो.

आणि चित्र हे सगळं कसं दाखवतं? एक आकृती आणि एक बाण, बस. हालचाल कागदावर येत नसते, ती वाचणाऱ्याच्या हातात व्हायची असते. चित्र तिथपर्यंत आणून सोडतं. रांगोळीचे ठिपके घालून द्यावेत आणि रेघ घरच्या मुलीनं ओढावी, तसं. पान पूर्ण रंगवलेलं असतं, कलंडणाऱ्या चौकोनाचे चार टप्पे छान छटांसह दाखवले असते, तर मुलानं ते पाहिलं असतं, त्याला आवडलं असतं, आणि पान उलटलं असतं. इथं पान उलटवतच नाही, कारण जे दाखवायचं राहिलं आहे ते पाहण्यासाठी काडी हातात घ्यावीच लागते. या पुस्तकाच्या रेघेची हीच मला थोरवी वाटते, आणि पुढे जी पुस्तकं घेणार आहे त्यांनाही मी हीच कसोटी लावणार आहे: चित्र नजरेला स्वतःपाशी अडकवून ठेवतं, की वस्तूकडे पाठवतं.

त्रिकोणाच्या पुढची पायरी चतुष्फलकाची. त्रिकोणाच्या तिन्ही नळ्यांना सुईनं किंवा काट्यानं भोक पाडायचं, त्यांत तीन काड्या उभ्या खोवायच्या आणि वर एका सांध्यात मिळवायच्या. सहा काड्या, चार सांधे, चार सारखे त्रिकोण. कागदावर या आकृतीची पंचाईत होते. घन वस्तू सपाट पानावर उतरवताना मागची कडा एकतर लपते, नाहीतर तुटक रेघेनं दाखवावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या घनाकृतींपुढे मुलं अडखळतात ती इथंच. ती तुटक रेघ म्हणजे काय, हे त्यांना कधी कुणी हातात दिलेलं नसतं. म्हणून 'कडा किती, शिरोबिंदू किती, पृष्ठे किती' हे पाठ होतं आणि परीक्षेनंतर विसरतं. काड्यांचा चतुष्फलक फिरवून पाहिला की पानावरची तुटक रेघ बोलायला लागते, आणि मग कोणत्याही पुस्तकातली घनाकृती वाचता येते. चित्र वाचण्याचं शिक्षण चित्राबाहेर होतं, हे मला या पानांनी शिकवलं.

घन करायला गेलं तर आणखी गंमत. बारा काड्या, आठ सांधे. उभा केला की कलंडतो, कारण त्याच्या सहाही बाजू चौकोनी. प्रत्येक बाजूला एक कर्ण द्यावा लागतो, म्हणजे आणखी सहा काड्या. पण काडी कर्णाला पुरत नाही! बाजू ४ सेंटिमीटर असेल तर कर्ण साडेपाच सेंटिमीटरहून थोडा जास्त भरतो. २ चं वर्गमूळ म्हणजे काय, हे मुलाला इथं भेटतं, एक काडी तोकडी पडल्यामुळे. मग खराट्याची काडी मापानं तोडून आणायची. खराट्याची काडी तर देऊळघाटच्या कुठल्याही घरात मिळेल.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचं पैनगंगेकाठचं गाव. कोणतंही पुस्तक वाचताना मी मनातल्या मनात ते या गावातल्या एखाद्या चौथी-पाचवीतल्या मुलासमोर ठेवून पाहतो. हा माझा जुना नाद आहे आणि त्यानं माझी पुस्तकांची निवड पुष्कळ सुधारली. त्रिकोणाचं पान वाचून ते मूल बाहेर आलं तर काय दिसेल? शेतातून गेलेले विजेचे मनोरे: खालपासून वरपर्यंत त्रिकोण. जिनिंगच्या मोठ्या शेडचं छप्पर: पत्र्याखाली लोखंडी कैची, ती त्रिकोणांची. सायकलची चौकट. बंडीचे दोन लांब दांडे पुढे जुवाकडे जवळ येत जातात, तोही त्रिकोणच. घराचं कवाड लोंबू नये म्हणून सुतारानं मागून तिरपी पट्टी ठोकलेली असते. ती पट्टी म्हणजे चौकोनाचा कर्ण. सुतारानं पुस्तक वाचलेलं नसतं, पण त्याला हे ठाऊक असतं. मुलाला वाचनानंतर सुताराचं कसब दिसू लागतं, ही मोठी कमाई आहे.

गावात मराठी शिकणारी मुलं आहेत तशी उर्दू शिकणारीही आहेत. बहुतेक पुस्तकं या दोघांना वेगवेगळ्या दारांतून आत घेतात. काडी-नळीच्या चित्राला लिपी नाही, ते दोघांचं आहे. एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: उर्दू वाचणाऱ्या मुलाची नजर पानावर उजवीकडून शिरते. कृतीची चार चित्रं ओळीनं मांडली तर ते शेवटच्या चित्रापासून सुरुवात करील, तयार खेळणं आधी पाहील आणि मागे मागे येईल. म्हणून अशा चित्रांवरचे आकडे ही शोभेची गोष्ट नाही. १, २, ३ लिहिलं की दोन्ही मुलांची वाट एक होते. बालपुस्तकांच्या चित्रकारांनी याचा विचार करायला हवा. आपल्या राज्यात अशी गावं एक-दोन नाहीत.

या रेघेला मर्यादाही आहे. गुप्तांच्या प्रसिद्ध खेळण्यांत एक साधी विजेची मोटर आहे: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. तिची सारी किल्ली तारेच्या टोकाशी आहे. इनॅमल सगळीकडून खरवडायचं नाही, एका बाजूला ठेवायचं, म्हणजे वेटोळं फिरताना वीज काही काळ तुटते आणि ते उलट ओढलं न जाता पुढे सरकतं. आता हा पातळ, पारदर्शक थर काळ्या रेघेनं दाखवायचा कसा? कितीही मोठं करून काढलं तरी ते टोक तारेसारखंच दिसणार. इथं शब्दाला पुढे यावं लागतं. मूल वाक्य न वाचता नुसत्या चित्रावरून मोटर करायला बसलं तर ती फिरत नाही. चांगल्या सचित्र पुस्तकात चित्र आणि मजकूर एकमेकांची री ओढत नाहीत. जिथं एकाचं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होतं. गुप्तांच्या बऱ्याच पुस्तकांची चित्रं अविनाश देशपांड्यांची आहेत. त्यांत हे वाटप फार समजून केलेलं दिसतं: मजकूर दोन-तीन वाक्यांचा, आणि ती वाक्यं चित्राला जे जमत नाही तेच सांगणारी.

काडी-नळीचं चित्र करायला लावतं. पक्ष्याचं चित्र पाहायला लावतं, आणि त्याचे नियम थोडे निराळे. सालिम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९४१ मध्ये काढलं. मुलांसाठी म्हणून ते लिहिलेलं नव्हतं, नवशिक्यांसाठी होतं. पण पक्षी पाहू लागलेल्या मुलांच्या हाती ते पिढ्यान् पिढ्या पडत आलं. त्यातली रंगीत पानं देखणी आहेतच. मला मोह पडतो तो मापाच्या युक्तीचा. पक्षी किती मोठा हे सांगताना तिथं वाचकाच्या ओळखीचे पक्षी पट्टीसारखे वापरले आहेत: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार. अमुक पक्षी बुलबुलाहून थोडा मोठा, तमुक साळुंकीहून लहान. सेंटिमीटर झाडावर दिसत नाहीत. साळुंकी दिसते. देऊळघाटच्या मुलाकडे ही पट्टी जन्मापासून असते, मुंबईच्या उंच इमारतीतल्या मुलापेक्षा जास्त चांगली. पुस्तक त्याला प्रथमच सांगतं की तुला जे आधीपासून येतं ते शास्त्राच्या कामाचं आहे.

फोटो इतके सोपे झाले असताना अजून पक्ष्यांची चित्रं का काढायची, असं विचारलं जातं. फोटोत एक विशिष्ट पक्षी, एका सकाळी, एका उन्हात बसलेला असतो. त्याच्या पोटावर पानाची सावली पडते आणि मुलाला वाटतं, पोट काळपट आहे. चित्रकार अनेक पक्षी पाहून त्या जातीचा पक्षी काढतो, सावली गाळतो आणि ओळखीची खूण ठेवतो. नीलपंखाचंच घ्या. शेताकडेच्या तारेवर तो मिटून बसलेला असतो तेव्हा तपकिरी-निळसर, जरा उदासच दिसतो. उडाला की पंखांतून गडद आणि फिक्या निळ्याचे पट्टे एकदम उघडतात. बसलेलाच काढला तर मूल उडणाऱ्याला ओळखणार नाही, उडणाराच काढला तर तारेवरच्याला ओळखणार नाही. दोन्ही शेजारी शेजारी काढण्याची समज ज्या पुस्तकाला असते ते माझ्या लेखी मोठं पुस्तक. नेहरू बाल पुस्तकालयासाठी जमाल आरा यांनी लिहिलेलं 'वॉचिंग बर्ड्स' १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. स्वस्त, पातळ, आणि थेट मुलांशी बोलणारं. त्या मालिकेनं केलेल्या कामाला तोड नाही.

मराठीत ही परंपरा दुबळी नाही. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघतं आहे. बालभारतीच्या 'किशोर'नं १९७१ पासून विज्ञानाला जागा दिली. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींची प्राण्या-पक्ष्यांची व्यंगचित्रं आज देशभर वाचली जातात, आणि त्यांत प्राण्याचा तपशील अचूक ठेवून हसवण्याची दुर्मिळ हातोटी आहे. माझी तक्रार आहे ती गुळगुळीत कागदावरच्या जाडजूड परदेशी ज्ञानकोशांच्या भाषांतरांबद्दल, जी शाळेच्या कपाटात बक्षीस म्हणून येतात आणि कपाटातच राहतात. त्यांत पेंग्विन आहे, ध्रुवीय अस्वल आहे, ज्वालामुखी आहे, तो हवाई बेटांवरचा. आपण ज्या दगडावर बसून ते पुस्तक वाचतो तो दगडही लाव्हाचाच, हे त्यात नाही.

त्या दगडाचं पुस्तक मला हवं आहे. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात बेसाल्टचे थर एकावर एक दिसतात. आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे का, याचं उत्तर त्या थरांत आहे. आणि याच जिल्ह्यात लोणार आहे, बेसाल्टमध्ये अशनीच्या आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. लोणारचे फोटो खूप झाले. वरून काढलेले, हिरव्या पाण्याचे, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाचे. फोटोला मात्र जमिनीच्या आत शिरता येत नाही. तिथं छेदचित्र लागतं: सरळ पडलेले लाव्हाचे थर, विवराच्या काठाशी तेच थर वर उचललेले आणि उलटून बाहेर पडलेले, तळ्याखाली फुटलेल्या खडकाचा भुगा, वर गाळ, वर खारं पाणी. अशी एक रेघ ओढली की मूल काठावर उभं राहून पायाखालचा तिरपा थर शोधायला लागेल. विवराच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचे अंदाज पन्नास हजार वर्षांपासून साडेपाच लाखांच्या वर जातात. हे दोन्ही आकडे पुस्तकात शेजारी छापावेत आणि ते कसे काढले हे सांगावं. उत्तर अजून ठरायचं आहे, हे कळलेलं मूल विज्ञानाच्या जास्त जवळ जातं.

आणि ते पुस्तक काळ्या रेघेत असावं असा माझा आग्रह राहील, त्याला कारण व्यवहाराचं आहे. रंगीत पान झेरॉक्सवर टाकलं की निळं आणि हिरवं मिळून एक करडा डाग होतो. रेघ मात्र झेरॉक्समधून जशीच्या तशी निघते, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्समधूनही निघते. गुप्तांनी पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आपली पुस्तकं त्यांनी संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतील अशी खुली ठेवली. म्हणजे बुलढाण्याच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात थोड्या रुपयांत हे सारं पुस्तक होतं, आणि देऊळघाटच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक पान मिळू शकतं. शिक्षकांनी सुरुवात कलंडणाऱ्या चौकोनाच्या पानापासून करावी. काड्या लाकडाच्याच घ्याव्यात, मेणकाडी नळीत शिरताना दुमडते. नळी मात्र आताच मीटरभर आणून ठेवावी. नव्या सायकलींच्या व्हॉल्व्हला ती लागत नाही आणि दुकानदार ती ठेवणं कमी करत चालले आहेत.